दिसले ते असेलच काय?

हातच्या काकणाला आरसा कशाला, असे आपण म्हणतो. वादात समोरच्याने ‘मी डोळ्यांनी पाहिले’ असे सांगितले की आपण निरुत्तर होतो. आपल्या दर्शनकारांनीही प्रमाणांमध्ये पहिला मान प्रत्यक्षालाच दिला आहे. परंतु जी वस्तू कोणाही मनुष्याच्या दृष्टीस कधी पडली नाही, केवळ यंत्राने घेतलेल्या छायाचित्रात जी अवतरली, तिचे ज्ञान प्रत्यक्ष म्हणावे की अनुमान? परक्या सूर्यांभोवती फिरणाऱ्या ग्रहांची चित्रे अवकाशातील दुर्बिणी हल्ली पृथ्वीवर धाडीत असतात. ती वृत्तपत्रांत पाहताना हा प्रश्न माझ्या मनात वारंवार उभा राहतो.

असे चित्र निघते कसे, ते आधी पाहू. गाभाऱ्यात समईच्या ज्योतीपलीकडे काय आहे हे पाहावयाचे असेल, तर आपण ज्योतीआड तळहात धरतो. खगोलशास्त्रज्ञ तेच करतात. आपल्या सूर्यापेक्षा गुरू हा ग्रह दृश्य प्रकाशात सुमारे शंभर कोटी पटींनी मंद आहे. तेव्हा ताऱ्याचे तेज दुर्बिणीच्या आतच झाकल्यावाचून त्याच्या शेजारचा ग्रह दिसण्याची आशा नाही. आणि झाकूनही कडेने जे तेज झिरपते, ते गणिताने वजा करावे लागते. त्यातून 25 डिसेंबर 2021 रोजी अवकाशात गेलेली जेम्स वेब दुर्बीण टिपते ते मुख्यतः अवरक्त किरण, म्हणजे आपल्या नेत्रांना अगोचर. साहजिकच चित्रातील रंग माणसाने दिलेले असतात. सुमारे 12 प्रकाशवर्षे दूर असलेल्या इप्सिलॉन इंडी या ताऱ्याच्या ग्रहाचे जे चित्र 2024 साली प्रसिद्ध झाले, त्यात ग्रह नारिंगी दिसतो, आणि झाकलेल्या ताऱ्याच्या जागी चक्क चांदणीचे चिन्ह काढलेले आहे.

मग हे असत्य म्हणावयाचे काय? मला तसे वाटत नाही. भूगोलाच्या नकाशात आपला जिल्हा पिवळा छापला, म्हणून नकाशा करणाऱ्यास कोणी लबाड म्हणत नाही. रंग कोणता व कशासाठी दिला हे सांगितले असले म्हणजे तेथे कपट उरत नाही. खरा धोका रंगात नाही, तो पाहणाऱ्याच्या इच्छेत आहे. शिंपल्याच्या जागी रुपे भासते, हा आपल्याकडील जुना दृष्टांत; आणि ते ज्याला रुप्याची आस आहे त्यालाच बहुधा लवकर भासते.

याचे उदाहरण आपल्याच आकाशात आहे. कार्तिकात रात्री आठ-नऊच्या सुमारास दक्षिणेकडे पाहिले, तर एक एकाकी तेजस्वी तारा दिसतो. त्याचे नाव फोमलहॉट. अंतर सुमारे 25 प्रकाशवर्षे. हबल दुर्बिणीने 2004 व 2006 साली घेतलेल्या त्याच्या चित्रांत धुळीच्या कड्याजवळ एक अतिसूक्ष्म ठिपका आढळला, आणि तो दोन वर्षांत जागेवरून सरकलेला होता. अमेरिकेतील बर्कली येथील पॉल कलास व त्यांच्या सहकाऱ्यांनी 2008 साली तो ग्रह असल्याचे जाहीर केले. जगभर आनंद झाला. पुढे 2015 साली लोकांची मते घेऊन ‘डेगन’ या प्राचीन देवतेचे नावही त्यास देण्यात आले. बारसे झाले खरे, पण बाळाविषयी शंका तोवर सुरू झाल्या होत्या. तरुण ग्रह उष्ण असतो, त्याने अवरक्त किरणांत उजळावयास हवे. हा तेथे दिसेना. त्यानंतर तर 2014 सालच्या चित्रांत ठिपकाच सापडेना. अँड्रास गॅस्पर व जॉर्ज रीके यांनी सर्व जुनी चित्रे पुन्हा तपासून 2020 साली दाखविले की, ठिपका वर्षानुवर्षे फुगत व विरत गेला होता. दोन बर्फाळ गोल एकमेकांवर आदळून उडालेला तो धुळीचा लोट असावा.

एक गोष्ट येथे ध्यानात घ्यावी. चित्र खोटे नव्हते. ठिपका होता, तो हलतही होता. हबलने जे होते तेच टिपले. ‘हा ग्रह आहे’ हे वाक्य मात्र चित्रात कोठेच नव्हते, ते माणसाने जोडले. ‘काल ग्रह म्हणाले, आज धूळ म्हणतात, यांच्यावर विश्वास तो काय ठेवावा?’ असे काहीजण हसून विचारतात. मला वाटते, जुनी चित्रे जपून ठेवणारा आणि ती परक्याच्या हाती तपासावयास देणारा मनुष्य, एकदा बोललेला शब्द मरेपर्यंत न सोडणाऱ्या मनुष्यापेक्षा अधिक विश्वासास पात्र आहे. असा निग्रह घरच्या भांडणातही आपणास साधत नाही, मग ज्यावर स्वतःची कीर्ती उभी आहे अशा शोधाच्या बाबतीत तो किती कठीण असेल!

ही कथा येथे संपलेली नाही. 2023 साली हबलने त्याच ताऱ्याकडे पुन्हा पाहिले, तेव्हा पहिला ठिपका नव्हताच, परंतु त्याच भागात दुसरा एक नवा ठिपका उगवलेला होता. यावेळी त्यास ग्रह म्हटले गेले नाही. तोही टकरीतून उडालेल्या धुळीचा ढग आहे, असा निष्कर्ष 2025 साली प्रसिद्ध झाला. त्या निबंधाच्या लेखकांत पहिले नाव पॉल कलास यांचेच आहे. ताऱ्याचे तेज परावर्तित करणारा असा ढग कित्येक वर्षे हुबेहूब ग्रहासारखा दिसू शकतो, हे ध्यानी घेऊनच पुढच्या दुर्बिणींना आपले ठिपके तपासावे लागणार आहेत.