तळाची बखर

लोणारच्या कड्यावर उभे राहणाऱ्याचे मन प्रथम त्या एका क्षणाकडे धावते, ज्या क्षणी आकाशातून आलेल्या पाषाणाने दख्खनच्या काळ्या कातळात जवळजवळ दोन किलोमीटर व्यासाचे विवर कोरले. आघाताचे आकर्षण आपल्याला उपजतच असते. इतिहासही आपण लढायांच्या आणि राज्याभिषेकांच्या तारखांनीच मोजतो. मला मात्र त्या क्षणानंतरचा प्रदीर्घ काळ अधिक विचारात पाडतो. विवरात पाणी साचले, आणि मग सहस्रावधी वर्षे तिथे एकच कार्य अखंड चालू राहिले : वरून जे आले ते सावकाश तळाशी स्थिरावत गेले.

या सरोवरातून पाण्याला बाहेर पडायला वाट नाही. उतारावरची माती, झडलेली पाने, वाऱ्याने आणलेले परागकण, पाण्यातल्या सूक्ष्म जीवांचे अवशेष, सारे त्या खोलगटात येते आणि तिथेच राहते. २००८ साली संशोधकांनी तळातून सुमारे दहा मीटर लांबीचा गाळाचा स्तंभ काढला, तेव्हा जवळजवळ अकरा हजार पावसाळे पाहिलेला साक्षीदार त्यांच्या हाती लागला. परागकणाचे कवच इतके चिवट की, फूल, झाड, अरण्य सारे नाहीसे झाल्यावरही प्राणवायूविना पडून असलेल्या चिखलात ते टिकते आणि आपले कूळ सांगते. अरण्याची कथा त्याच्या धुळीएवढ्या अंशाने जपावी, यात काळाचा एक विलक्षण न्याय आहे.

त्या स्तंभातल्या दोन पट्ट्यांत गेलुसाइट नावाच्या खनिजाचे स्फटिक आढळले. सोडियम आणि कॅल्शियम यांचे हे कार्बोनेट पाणी आटत आटत अतिखारट झाल्यावाचून आकार घेत नाही. म्हणून साधारण ४,६०० ते ३,९०० आणि २,००० ते ६०० वर्षांपूर्वीचे कालखंड पावसाने दीर्घ ओढ दिल्याचे ठरले. भरल्या सरोवराने गाळ साठवला, आटत्या सरोवराने स्फटिक घडवले. माणसाच्या अंतरंगातही विपुलता विखरून जाते आणि अभाव आपली रेखीव खूण ठेवून जातो.

यांतल्या दुसऱ्या कालखंडातच लोणारची चालुक्य-यादवकालीन मंदिरे उभी राहिली. दगडात देव कोरणाऱ्या हातांना पायथ्याशी ओसरणाऱ्या पाण्याची जाणीव होती का, हे मूर्तींच्या प्रसन्न मुद्रांवरून ओळखता येत नाही. त्याच कालखंडाच्या अखेरीच्या आसपास, १३९६ च्या सुमारास सुरू झालेला दुर्गादेवीचा दुष्काळ लोकस्मृतीत अजून नाव धरून आहे. लोकांनी दुःखाला नाव दिले, गाळाने अवर्षणाची लांबी राखली. बखरीला आश्रयदाता असतो, शिलालेखाला दाता असतो; तळाच्या या बखरीवर मात्र कोणाचेच ऋण नाही.

तरीही ती भाबडेपणाने वाचता येत नाही. सरोवराच्या पाण्यातला कार्बन पुष्कळदा स्वतःच जुना असतो, आणि त्यावर पोसलेला जीव खऱ्या वयाहून वृद्ध भासतो. म्हणून काळ ठरवताना काठावरून गळून पडलेले पान वा काडी अधिक विश्वासाची, कारण तिने आपल्या काळाची हवा घेतलेली असते. साक्षीदार प्रामाणिक असला तरी ऐकणाऱ्याचा विवेक जागा असावाच लागतो.

जगभरच्या कित्येक सरोवरांच्या वरच्या थरांत आता अणुचाचण्यांतून आलेल्या सीझियम-१३७ ची खूण आहे. १९६३ च्या आसपासच्या थरात ती सर्वाधिक ठळक. आपल्या युगाचे पान असे उघडले आहे. पुढच्या वाचकाला आपली घोषणापत्रे सापडतील न सापडतील, पण उतारावरच्या रानाचे आपण काय केले हे त्याला नक्की कळेल. या विचाराने मला भयाहून दिलासाच अधिक मिळतो. कारण ज्या निःपक्षपातीपणाने आपली हानी नोंदली जाईल, त्याच निःपक्षपातीपणाने, कोणी गाजावाजा न करता राखलेल्या एखाद्या रानाचे परागकणही तळाशी उतरतील, आणि राखणाऱ्याचे नाव ठाऊक नसतानाही त्याचे काम वाचले जाईल.