विधवेचे कर्ज आणि तेलाचे भांडे

शास्त्रभाग : २ राजे ४:१-७



अलीशा संदेष्ट्याकडे आक्रोश करीत आलेली ती विधवा कोणा उधळ्याची किंवा मद्यप्याची बायको नव्हती. तिचा नवरा संदेष्ट्यांच्या शिष्यांपैकी एक असून देवाचे भय धरून चालणारा होता, आणि हे अलीशालाही ठाऊक होते. तरी तो मेला तेव्हा घरात कर्ज राहिले, व सावकार तिच्या दोन्ही मुलांना दास करून नेण्यास आला. यावरून दिसते की, कर्ज झाले म्हणजे तो मनुष्य देवाला सोडून गेला असे समजू नये. पावसाने दगा दिला, बैल मेला, घरात दुखणे आले, तर कर्ज भक्तिमान घरातही शिरते. म्हणून ऋणको भावाकडे कोणी बोट दाखवू नये; आणि ऋणको भावानेही लाजेने उपासनेस येणे सोडू नये. मात्र त्या विधवेने जे केले ते आपणही क्रमाक्रमाने करावे, यासाठी हा शास्त्रभाग आपणांस दिला आहे.

पहिली गोष्ट, तिने आपले कर्ज लपविले नाही. झाकली मूठ सव्वा लाखाची, असे आपण म्हणतो. परंतु झाकलेले कर्ज मुठीतल्या मुठीत वाढत जाते. नवरा बायकोला न सांगता हातउसने घेतो. बायको नवऱ्याला न सांगता बचतगटाचे पैसे उचलते. मग एका गटाचा हप्ता दुसऱ्या गटातून भरला जातो, आणि वसुलीचा मनुष्य आला की पोरांकडून सांगविले जाते की, घरी कोणी नाही. अशा रीतीने कर्जाबरोबर लबाडीही घरात येते, व लेकरे ती शिकतात. ज्याच्या मनाचा भार दुसऱ्या कोणाला ठाऊक नाही, त्याला रात्री भलतेसलते विचार सुचतात. मराठवाड्यात व विदर्भात किती घरांतील कर्ता पुरुष अशाने गेला, हे आपण जाणतो. बंधूंनो, कर्ज फिटू शकते, गेलेला जीव परत येत नाही. ज्याच्या मनात असा विचार येत असेल त्याने आजच कोणाला तरी बोलून दाखवावे; आणि उपदेशकाने त्याला उपदेश करण्याआधी त्याच्याजवळ बसावे, त्याला एकटे सोडू नये व डॉक्टराकडे न्यावे.

दुसरी गोष्ट, संदेष्ट्याने तिला घरात काय शिल्लक आहे ते विचारले. प्रथम ती म्हणाली, काही नाही; मग तिला तेलाचे भांडे आठवले. आपणही नवराबायकोने एका संध्याकाळी वही घेऊन बसावे आणि लिहावे : कोणाचे देणे, मुद्दल किती, व्याज किती, आजवर किती भरले, गहाण काय आहे. व्याजाचा हिशेब विशेष नीट करावा. दरमहा शेकडा पाच म्हणजे वर्षाला शेकडा साठ. दहा हजार रुपयांवर महिन्याला पाचशे गेले, तर वीस महिन्यांत दहा हजार व्याज भरले जाते, आणि मुद्दल आहे तसेच उभे राहते! म्हणून ज्याचे व्याज जबर, किंवा ज्यात राहते घर वा जमीन गुंतली आहे, ते देणे आधी फेडावे. पेटीत पडून असलेला दागिना विकून जबर व्याजाचे कर्ज फिटत असेल, तर तोच आपला तेलाचा बुधला समजावा. जुने फेडण्यासाठी नवे कर्ज काढू नये. नव्याचे व्याज खरोखर कमी असेल व त्याने जुने समूळ मिटत असेल तरच काढावे.

तिसरी गोष्ट, सावकाराला तोंड चुकवू नये. वादी असलेल्याशी वाटेतच समेट करावा, न्यायाधीशापुढे जाईपर्यंत थांबू नये, असे प्रभूने डोंगरावर शिकविले. म्हणून मुदत संपण्याआधीच वही घेऊन, मंडळीतील दोन वडिलांना बरोबर घेऊन, धनकोकडे जावे. खरी स्थिती सांगावी व हप्ते लांबवून मागावेत. बँकेचे किंवा सोसायटीचे कर्ज असेल व पीक बुडाले असेल, तर पुनर्गठनासाठी लेखी अर्ज करावा. एकरकमी फेडीत काही सूट मिळते का, तेही विचारावे. परंतु जेवढे निभेल तेवढेच कबूल करावे. मोडलेला वायदा न केलेल्या वायद्याहून वाईट. प्रत्येक भरण्याची पावती घ्यावी, कोऱ्या कागदावर सही किंवा अंगठा देऊ नये, आणि कर्ज फिटताच आपला कागद परत घेऊन सातबाऱ्यावरील बोजा कमी करवून घ्यावा.

येथे कोणी म्हणेल, सावकार ऐकत नाही, धमकी देतो. अशा वेळी कायद्याचा आश्रय घेणे ख्रिस्ती मनुष्याला पाप नाही. जात्याची तळी गहाण घेऊ नये, कारण ती घेणे म्हणजे माणसाचा जीवच गहाण घेणे, अशी मोशेच्या नियमशास्त्रात आज्ञा आहे. आणि नहेम्याने आपल्या भावांची शेते बळकाविणाऱ्या श्रीमंतांना सभेत उभे करून ती परत देवविली. आपल्या देशातही कुणब्याचा आक्रोश व्यर्थ गेला नाही. इ. स. १८७५ च्या मे महिन्यात पुणे जिल्ह्यातील सुपे गावी शेतकऱ्यांनी सावकारांचे कागद हिसकावून जाळले, व ते लोण अहमदनगर जिल्ह्यातही गेले. कागद जाळण्याचा मार्ग आपला नव्हे. तथापि त्यांचे दुःख खरे होते, म्हणून इ. स. १८७९ साली दख्खनच्या शेतकऱ्यांसाठी कायदा करावा लागला. इ. स. १९०८ च्या दिवाणी संहितेप्रमाणे कोर्टाच्या हुकूमनाम्याच्या वसुलीतही स्वयंपाकाची भांडी, कारागिराची हत्यारे, आणि शेतकऱ्याची अवजारे व शेतीला जरूर ती जनावरे जप्त होत नाहीत. इ. स. १९७६ च्या कायद्याने वेठबिगारी बंद झाली व तिच्यापोटी असलेले कर्जही रद्द झाले. यास्तव त्या विधवेच्या मुलांप्रमाणे कोणाचे लेकरू कर्जापायी राबविता येत नाही. ऊसतोडीची उचल घेणाऱ्या जोडप्यांनी हे लक्षात ठेवावे. महाराष्ट्राच्या इ. स. २०१४ च्या सावकारी कायद्याप्रमाणे परवाना नसता सावकारी करणे गुन्हा आहे. त्याची तक्रार तालुक्याच्या सहायक निबंधकाकडे किंवा जिल्हा उपनिबंधकाकडे करावी. स्त्रियांना व अल्प उत्पन्नाच्या लोकांना तालुका विधी सेवा समितीकडून वकील फुकट मिळतो.

मात्र कायद्याची ढाल करावी, सुरी करू नये. मुदतीच्या कायद्याने साधारणतः तीन वर्षांनी हातउसन्याचा दावा बुडतो. परंतु ज्या शेजाऱ्याने अडचणीत आपणांस पैसे दिले त्याचे देणे आपल्या विवेकबुद्धीतून तीन वर्षांनी बुडत नाही. देवानेही त्या विधवेचे कर्ज रद्द केले नाही. त्याने तेल दिले, व ते विकून आधी देणे फेड आणि उरल्यावर आपला निर्वाह कर, असा क्रम सांगविला. आपल्यात हा क्रम उलटतो : आधी लग्नाचा मांडव, मग मोटारसायकल, आणि उरले तर देणे. उपदेशकांनी व पंचमंडळींनी आपल्याच घरच्या लग्नापासून साधेपणाचा कित्ता घालावा. म्हणजे गरिबाला कमी खर्चात लग्न करण्याची लाज वाटणार नाही.

शेवटची गोष्ट शेजाऱ्यांविषयी. त्यांनी तिला पैसा दिला नाही, रिकामी भांडी दिली. आणि तिला जितकी भांडी मिळाली तितकेच तेल आले. मंडळीने प्रत्येकाचे कर्ज फेडावे असे नाही; परंतु वही लिहून देणे, सावकाराकडे सोबत जाणे, पेरणीला एक दिवस बैलजोडी देणे, एवढी रिकामी भांडी प्रत्येक घरात आहेत. आणि मंडळीत जो कोणी स्वतः धनको असेल त्याने मत्तयाच्या अठराव्या अध्यायातील चाकराची आठवण ठेवावी. त्याच्या धन्याने त्याला अपार देणे सोडले होते, तरी त्याने शंभर नाण्यांसाठी आपल्या सोबत्याचा गळा धरला. जे ऋण कोणत्याही तेलाने फिटणारे नव्हते, ते आपल्या प्रभूने वधस्तंभावर फेडले. ज्यांचे इतके फिटले, त्यांनी देणे असेल तर प्रामाणिकपणे द्यावे, घेणे असेल तर दयेने घ्यावे, आणि कोणाही भावाला त्याच्या बंद दारामागे एकटे राहू देऊ नये. प्रभू आपणा सर्वांस असे करण्याची कृपा देवो. आमेन.