पैलतीर नसलेली नदी

भारतीय धर्मविचाराने नदीकडून जी भाषा घेतली, ती जवळजवळ सगळी नदी ओलांडणाऱ्याची भाषा आहे. 'तॄ' या धातूचा अर्थ तरून जाणे, पार होणे असा असून 'तीर्थ' म्हणजे मुळात नदी जिथे पायी ओलांडता येते तो उतार. जैन परंपरेतील 'तीर्थंकर' हा असा उतार घालून देणारा. आणि 'तारक', 'निस्तार', 'अवतार' हे शब्दही त्याच कुळातले. मराठीत प्रवाशांना पलीकडे पोहोचवणाऱ्या होडीला 'तर' म्हणतात, आणि आयुष्याच्या अखेरीला टेकलेल्या माणसाचे डोळे पैलतीराला लागले, असे म्हणण्याची रीत आहे. या सगळ्या शब्दांमागे एकच चित्र उभे असते: माणूस ऐलतीरावर आहे, मध्ये बुडवू पाहणारे पाणी आहे, आणि जे मोलाचे ते पलीकडे आहे. ज्या संस्कृतीने नदीला माता म्हटले, तिनेच मुक्तीची कल्पना करताना त्या मातेला वाटेत आडवी आलेली अडचण मानावे, ही विसंगती सहसा कोणाला खटकत नाही, याचे कारण कदाचित असे असेल की स्नान करणारा काठाशीच थांबतो आणि पार जाणारा लवकरात लवकर कोरड्या जमिनीवर पाय टेकू पाहतो. नदीच्या लांबीशी दोघांनाही कर्तव्य नसते.

लहान नदीवर कयाक किंवा कनू घेऊन दिवसभरासाठी निघणाऱ्या माणसाचा संबंध मात्र नेमका या लांबीशी येतो. कयाक ही मूळची आर्क्टिक प्रदेशातील इनुइट लोकांची, सीलच्या कातड्याने मढवलेली, वरून झाकलेली अरुंद होडी. तिच्यात पाय पुढे पसरून बसतात आणि दोन्ही टोकांना पाते असलेले वल्हे डावी-उजवीकडे आळीपाळीने मारतात. कनू ही वरून उघडी असते, तिच्यात गुडघ्यांवर किंवा आडव्या फळीवर बसून एकाच पात्याचे वल्हे चालवतात, आणि उत्तर अमेरिकेच्या ईशान्य भागातील मूळ रहिवासी ती भूर्जाच्या सालीपासून बनवीत असत. या होड्या शिकारीच्या, मालवाहतुकीच्या आणि प्रवासाच्या होत्या. करमणुकीसाठी त्या वापरण्याची चाल एकोणिसाव्या शतकात रुजली आणि जॉन मॅकग्रेगर या स्कॉटिश गृहस्थाने 1865 मध्ये 'रॉब रॉय' नावाच्या होडीतून युरोपच्या नद्यांवर केलेल्या प्रवासाने तिला प्रतिष्ठा मिळाली. सकाळी पाण्यात उतरायचे आणि संध्याकाळी बाहेर यायचे, एवढाच ज्याचा आराखडा आहे अशा या सहलीत पैलतीर दिवसभर हाताच्या अंतरावर असतो, पण तो कोणाला नको असतो. तेव्हा प्रश्न असा उभा राहतो की ज्या नदीला पैलतीर हे गंतव्यच उरलेले नाही, तिच्यावरच्या या जाण्यायेण्याला धर्मविचारात काही स्थान आहे, की तो निव्वळ रिकामा वेळ आहे.

या प्रश्नावरचा सर्वांत कठोर अभिप्राय पाली साहित्यात सापडतो. मज्झिम निकायातील बाविसाव्या सुत्तात, म्हणजे अलगद्दूपम सुत्तात, बुद्धाने तराफ्याचा दृष्टान्त दिला आहे. एका वाटसरूने गवत, काटक्या आणि फांद्या बांधून तराफा केला, त्याच्या आधाराने तो पार झाला, आणि मग या तराफ्याचे आपल्यावर फार उपकार आहेत असे म्हणून तो डोक्यावर घेऊन चालू लागला, तर ते शहाणपणाचे होईल काय, असा बुद्धाचा प्रश्न आहे, आणि त्याचे उत्तर अर्थातच नकारार्थी आहे. शिकवण ही पार होण्यासाठी असते, उराशी धरून ठेवण्यासाठी नसते. आता गंमत अशी की दृष्टान्तातील हा वेडा माणूस जे करतो, तेच कनूवाला रोज करतो आणि त्यात कोणाला वेडेपणा दिसत नाही. वाटेत धबधबा, बंधारा किंवा पडलेले झाड आले की होडी पाण्याबाहेर काढून, उलटी करून खांद्यांवर घ्यायची आणि अडथळ्याच्या पुढे नेऊन पुन्हा पाण्यात सोडायची, या क्रियेला 'पोर्टेज' म्हणतात, आणि या वेळी वाहणाऱ्याचे डोके होडीच्या पोटात बुडालेले असते. दोघांत फरक आहे तो ओझ्याचा नव्हे, पुढच्या भूगोलाचा. वाटसरूच्या पुढे कोरडी जमीन आहे. कनूवाल्याच्या पुढे पुन्हा पाणीच आहे. साधन कधी टाकावे हा प्रश्न म्हणजे शेवटी पाणी कुठे तरी संपते की नाही, हा प्रश्न आहे, आणि साधनाच्या आसक्तीची निंदा करणाऱ्याने ते संपते हे आधीच गृहीत धरलेले असते.

अर्थात पाली परंपरेचे नदीविषयीचे म्हणणे एवढ्यावर संपत नाही. अंगुत्तर निकायात प्रवाहाच्या संबंधाने माणसांचे चार प्रकार सांगितले आहेत: प्रवाहाबरोबर वाहणारा, प्रवाहाविरुद्ध जाणारा, स्थिर राहिलेला आणि पार झालेला. यांत पहिला म्हणजे वासनांच्या मागे जाणारा, सर्वांत खालचा. दुसरा अश्रू ढाळीत का होईना पण ब्रह्मचर्य पाळणारा. आणि पार झालेला तो मुक्त. परंतु मुक्तीच्या पहिल्या पायरीवरील साधकाला हीच परंपरा 'सोतापन्न', म्हणजे प्रवाहात शिरलेला, असे म्हणते, आणि तिथे प्रवाह म्हणजे प्रत्यक्ष अष्टांगिक मार्ग होय, असा खुलासा बुद्धाचा शिष्य सारिपुत्त याच्या तोंडी येतो. एकाच परंपरेत प्रवाह हा बंधही आहे आणि मार्गही आहे. टीकाकारांनी हे दोन अर्थ वेगवेगळ्या कप्प्यांत ठेवले. नदीवर मात्र ते कप्पे टिकत नाहीत, कारण संथ नदीवर एका दिवसासाठी निघालेल्याला अनुभवी माणसे पहिला सल्ला देतात तो अंगात जोर आहे तोवर आधी उगमाकडे वल्हवत जाण्याचा आणि थकल्यावर प्रवाहाबरोबर परतण्याचा. अंगुत्तर निकायातील खालचा माणूस आणि त्याच्या वरचा, हे दोघे इथे एकाच होडीत, एकाच दिवशी, आळीपाळीने बसलेले असतात.

अमेरिकेच्या मॅसेच्युसेट्स राज्यातील कॉन्कर्ड ही अशीच संथ नदी आहे. सडबरी आणि असाबेट या दोन लहान नद्या कॉन्कर्ड गावाजवळ एग रॉक नावाच्या खडकाशी मिळून ती तयार होते आणि सुमारे 26 किलोमीटर वाहून लोवेल येथे मेरिमॅक नदीला मिळते. आजही लोक भाड्याची कनू घेऊन सडबरीवरून निघतात, संगमावरून वळून ओल्ड नॉर्थ ब्रिज या पुलाखालून जातात, जिथे 19 एप्रिल 1775 रोजी ब्रिटिश सैनिक आणि वसाहतीतले लोक यांच्यात गोळीबार झाला, आणि पुढच्या पाणथळ कुरणांतील पक्षी पाहून संध्याकाळी परततात. मूळ रहिवाशांनी नदीला दिलेल्या मस्केटाक्विड या नावातही हे गवताळ काठ आहेत. 31 ऑगस्ट 1839 रोजी लेखक हेन्री डेव्हिड थोरो आणि त्याचा थोरला भाऊ जॉन हे याच नदीवरून निघाले. त्यांची होडी त्यांनी स्वतःच आठवडाभर खपून बांधली होती. ती कनू नव्हती, कोळ्यांच्या होडीसारखी होती, तिला शिडे होती आणि धबधब्यांना वळसा घालताना जमिनीवरून ओढण्यासाठी चाकेही होती. दोन आठवड्यांचा हा प्रवास थोरोने त्यावरच्या आपल्या पुस्तकात एका आठवड्याचा केला. 1849 साली निघालेल्या या पुस्तकाच्या हजार प्रतींपैकी सातशेहून अधिक चार वर्षांनी त्याच्या घरी परत आल्या.

मराठी वाचकाला या पुस्तकाशी बांधणारा एक खरा दुवा आहे, तो म्हणजे त्यातील 'सोमवार' या प्रकरणात भगवद्गीतेवर केलेले लांबलचक विवेचन. थोरोने गीता चार्ल्स विल्किन्सच्या 1785 मधील इंग्रजी भाषांतरातून वाचली होती, तिची थोरवी त्याने मोकळेपणाने मानली, आणि तरीही अर्जुनाने लढावे यासाठी कृष्णाने दिलेली कारणे अपुरी आहेत, अर्जुनाचे समाधान झाले तरी वाचकाचे होत नाही, असे त्याने स्पष्ट लिहिले. गीतेतही होडी दोनदा येते: दुसऱ्या अध्यायात इंद्रियांच्या मागे गेलेले मन बुद्धीला वाऱ्याने होडी ओढावी तसे ओढून नेते, आणि चौथ्या अध्यायात ज्ञान हीच पापातून पार नेणारी नाव होते. एका ठिकाणी होडी पूर्ण असहाय आहे आणि दुसऱ्या ठिकाणी पूर्ण समर्थ. होडी चालवणे ज्या मधल्या प्रदेशात घडते, तो दोन्ही दृष्टान्तांतून सुटला आहे.

त्या मधल्या प्रदेशाचा प्रश्न तत्त्वज्ञानात दैव आणि पुरुषकार, म्हणजे प्रारब्ध आणि माणसाचा प्रयत्न, यांच्या वादात येतो. महाभारताच्या अनुशासनपर्वात प्रयत्नाला शेत आणि दैवाला बीज म्हटले आहे. रामानुजांच्या अनुयायांत हाच वाद कृपेच्या संदर्भात निघाला, तेव्हा एका शाखेने आईला घट्ट बिलगणाऱ्या माकडाच्या पिल्लाचा आणि दुसरीने आई तोंडात धरून नेते त्या मांजराच्या पिल्लाचा दाखला दिला. वल्हे धरणाऱ्याला या दोन्हींत काही तरी चुकल्यासारखे वाटेल. होडी अगदी प्रवाहाच्याच वेगाने वाहत असेल, तर पाणी आणि होडी यांच्यात सापेक्ष गती उरत नाही, आणि मग सुकाणूसारखे धरलेले वल्हे होडी वळवू शकत नाही. दिशा हवी असेल तर पाण्यापेक्षा थोडे वेगाने किंवा थोडे सावकाश जावे लागते. म्हणजे संपूर्ण शरणागतीत नियंत्रण उरत नाही, पण प्रवाहापासून सुटण्याचीही गरज नसते. पुरतो तो एवढासा फरक. दुसरीकडे प्रयत्न स्वतःच वाट चुकवतो, कारण कनूच्या एकाच बाजूने वल्हे मारले की तिची नाळ, म्हणजे पुढचे टोक, विरुद्ध बाजूला वळते, म्हणून मागे बसलेला माणूस प्रत्येक फटकाऱ्याच्या शेवटी पाते बाहेरच्या बाजूला किंचित ढकलून ती चूक तिथल्या तिथे दुरुस्त करतो. कर्म करावे आणि त्याचा दोष नंतर प्रायश्चित्ताने फेडावा, ही धर्मशास्त्राची रीत इथे चालत नाही. प्रायश्चित्त त्याच हालचालीच्या पोटात असावे लागते. थोरोची होडी 1842 मध्ये सात डॉलरला विकत घेणारा कादंबरीकार नॅथॅनिएल हॉथॉर्न याने नोंदवून ठेवले आहे की नुसती इच्छा केली की होडी त्या दिशेला जाते, असे थोरोने त्याला सांगितले होते, पण त्याच्या स्वतःच्या हातात ती योग्य दिशा सोडून सगळीकडे वळत राहिली.

राहिला प्रयोजनाचा आक्षेप. प्रयोजनावाचून मंदबुद्धी माणूसही काही करीत नाही, हा मीमांसक कुमारिल भट्टाचा दंडक प्रमाण मानला, तर संध्याकाळी सकाळच्याच काठावर येणारी सहल निरर्थक ठरते. पण अ‍ॅरिस्टॉटलने 'मेटाफिजिक्स'च्या नवव्या पुस्तकात केलेला भेद इथे उपयोगी आहे: घर बांधणे ही 'किनेसिस', म्हणजे पूर्ण होईपर्यंत अपुरी राहणारी गती, तर पाहणे ही 'एनर्गेया', म्हणजे प्रत्येक क्षणी पूर्णच असलेली क्रिया. नदी ओलांडणे पहिल्या वर्गात पडते, कारण मध्येच थांबलेला पार झालेला नसतो. नदीवरून जाणे दुसऱ्या वर्गात. ब्रह्मसूत्रांनी जगाच्या निर्मितीला लीला म्हटले आणि शंकराचार्यांनी त्यासाठी ज्याची कोणतीही इच्छा अपुरी नाही अशा राजाच्या खेळाचे आणि श्वासोच्छ्वासाचे उदाहरण दिले, ते याच जातीचे आहे. निष्प्रयोजन क्रिया ईश्वराला शोभते आणि माणसाला शोभत नाही, असे मानण्याला शास्त्राधार शोधणे तितके सोपे नाही. शिवाय भारतातही ओलांडण्याला नकार देणारा एक थोर आचार आहेच: नर्मदेच्या परिक्रमेत नदी सतत उजव्या हाताला ठेवून चालतात आणि तिचे पात्र कुठेही ओलांडत नाहीत, अपवाद फक्त मुखाशी, जिथे परिक्रमावासी होडीने समुद्रातून पलीकडे जातात. तिथे पैलतीर हे ध्येय नसून निषिद्ध आहे.

तरीही पैलतीराचा विचार इतक्या सहज मागे हटत नाही. जॉन थोरो जानेवारी 1842 मध्ये, वस्तऱ्याने झालेल्या लहानशा जखमेतून धनुर्वात होऊन, सत्ताविसाव्या वर्षी मरण पावला, आणि पुस्तकाचा मोठा भाग त्यानंतर लिहिला गेला. ते त्याच्या स्मरणार्थ आहे हे जाणकार सांगतात, पण त्यात त्याचे नाव एकदाही येत नाही, आणि दुसऱ्या कोणत्या किनाऱ्यावर तो वाट पाहत असेल, अशी भाषा थोरो स्वतःच्या शोकाला वापरू देत नाही. पुस्तकाच्या शेवटी दोघे भाऊ दिवसभर वल्हवून अंधार पडल्यावर कॉन्कर्डला पोहोचतात, आनंदाने काठावर उडी मारतात आणि होडी एका रानटी सफरचंदाच्या झाडाला बांधतात. त्या झाडाच्या खोडावर वसंतातल्या पुरात साखळी घासून पडलेला वळ तोवर तसाच असतो.