वाहते पाणी आणि नदीचे एकपण

विद्यापीठात जलविज्ञान शिकवताना नदीचा अभ्यास पाणलोट क्षेत्रापासून सुरू होतो. सीमा आखायची, आत पडलेला पाऊस मोजायचा, वाफ होऊन गेलेले आणि भूगर्भात साठून राहिलेले पाणी वजा करायचे. उरते ते नदीतून वाहते. या जमाखर्चात नदीला स्वतःचे असे पाणी नाहीच. पाण्याचा कण हवेत सरासरी आठ-दहा दिवस राहतो, नदीत काही दिवस ते काही महिने, समुद्रात हजारो वर्षे. मग यंदाची गोदावरी आणि गेल्या वर्षीची गोदावरी एकच, हे कशाच्या आधारावर म्हणायचे?

प्रश्न जुना आहे. ग्रीक तत्त्वज्ञ हेराक्लिटसने तो मांडला, बौद्धांच्या क्षणिकवादातही प्रवाहाचा दाखला येतो. छांदोग्य उपनिषदात उद्दालक श्वेतकेतूला सांगतो की नद्या समुद्रातून निघून समुद्रालाच मिळतात आणि तिथे त्यांना आपली वेगळी ओळख उरत नाही. या उताऱ्यात जलचक्राचा शोध पाहण्याचा मोह अनेकांना होतो. तो आवरावा, उद्दालकाला सांगायचे आहे ते आत्म्याविषयी. पावसाचे पाणी नदीला पुरते, हे मोजून दाखवले पिएर पेरोने. सेन नदीच्या उगमाकडील भागात पडणारा पाऊस नदीच्या प्रवाहाच्या सुमारे सहापट भरतो, असा त्याचा 1674 सालचा हिशेब होता.

श्रद्धा आणि मोजमाप यांची खरी गाठ पडते ती उगमापाशी. गौतम ऋषींनी गोहत्येच्या पापक्षालनासाठी गंगा ब्रह्मगिरीवर आणली, ही गोदावरीची कथा. त्र्यंबकेश्वरच्या या डोंगरापासून अरबी समुद्र जेमतेम ऐंशी किलोमीटरवर आहे. नदी मात्र पाठ फिरवून 1465 किलोमीटर पूर्वेला जाते. तिच्या सुमारे तीन लाख चौरस किलोमीटरच्या खोऱ्यापैकी एक तृतीयांश भाग एकट्या प्राणहितेचा. वर्धा आणि वैनगंगा पोटात घेऊन ती सिरोंचाजवळ गोदावरीला मिळते, तेव्हा पर्जन्यछायेतून आलेल्या मूळ प्रवाहापेक्षा तिचेच पाणी जास्त असते. पाण्याच्या मानाने पाहिले तर उगम वैनगंगेच्या काठी, मध्य प्रदेशातल्या सिवनी जिल्ह्यात शोधावा लागेल. लांबीचा निकष लावला तर त्र्यंबक टिकते. कोणता निकष घ्यायचा हे निसर्ग सांगत नाही, अभ्यासक ठरवतो. म्हणून ब्रह्मगिरीचे माहात्म्य मोजमापाने खोटे ठरत नाही. ते उत्तर वेगळ्याच प्रश्नाचे आहे.

तीर्थाचे पाणी निर्मळच असते, हा दावा मात्र तपासता येतो आणि नाशिकच्या काठावर तो तपासणीत टिकत नाही. सिंहस्थातल्या स्नानासाठी गंगापूर धरणातून पाणी सोडावे लागते. पुण्य त्या पाण्यात आहे की त्या जागेत, याचा विचार धर्मशास्त्राच्या अभ्यासकांनी करायला हवा. जलविज्ञानाला तो करता येणार नाही.

नदीच्या एकपणाचे उत्तर कायद्यानेही दिले आहे. न्यूझीलंडने मार्च 2017 मध्ये वांगानुई नदीला व्यक्तीचा दर्जा दिला. डोंगरापासून समुद्रापर्यंत, उपनद्यांसह ती अविभाज्य आहे, हे माओरींचे म्हणणे त्या कायद्यात तसेच उतरले. त्याच महिन्यात उत्तराखंड उच्च न्यायालयाने गंगा-यमुनेला हा दर्जा दिला. जुलैमध्ये सर्वोच्च न्यायालयाने त्याला स्थगिती दिली.