होय म्हणणाऱ्यांची नावं

शीव कोळीवाड्यात आमच्या गल्लीच्या तोंडाशी बसणाऱ्या मासळीवाल्या मावशींकडे उधारीची एक वही आहे. ओल्या हातांनी उघडून-मिटून तिच्या कडा फुगल्या आहेत, पुठ्ठ्यावरच्या देवीचा रंग उतरलाय. आत मात्र सगळं चोख: नाव, तारीख, काय नेलं, किती राहिले. मांदेलीचा एक वाटा, ओले बोंबील, करंदी, पाहुणे आले म्हणून कुणी नेलेलं पापलेट. पैसे चुकते झाले की मावशी त्या ओळीवर आडवी रेघ मारतात, पान फाडत नाहीत. फिटलेल्या उधारीची पानं कशाला सांभाळता, असं मी एकदा विचारलं. त्या म्हणाल्या, "रेघ मारली तरी नाव दिसायला पायजे, भाऊ. नायतर वर्षानी तोच येऊन सांगंल, मी तुझ्याकडनं कधी काय नेलंच नाय."

२०२५ च्या जुलैत मला ही वही आठवली. १० जुलैला महाराष्ट्र विशेष जनसुरक्षा विधेयक विधानसभेत मंजूर झालं. साधंसुधं विधेयक नव्हतं ते. संयुक्त समितीकडे गेलेलं, ज्यावर बारा हजारांहून अधिक सूचना आणि हरकती आल्या होत्या, ज्याच्या विरोधात राज्यभर मोर्चे निघाले होते. कुणाला ते नक्षलवादाला आवर घालणारं वाटत होतं, कुणाला सरकारवर टीका करणाऱ्याच्या मानेवरची सुरी. इतका वाद असलेलं विधेयक आवाजी मतदानाने संमत झालं. डहाणूचे माकपचे आमदार विनोद निकोले यांनी विरोध केला, हे बातम्यांत आलं. बाकी २८७ मतदारसंघांतल्या लोकांनी काय समजायचं? आपला आमदार त्या घटकेला 'होय' म्हणाला, 'नाही' म्हणाला, की गप्प बसला, हे सांगणारी नावनिशीवार यादी निघालीच नाही. दुसऱ्या दिवशी विधान परिषदेत विरोधकांनी सभात्याग केला. सभात्याग ही भूमिका असू शकते, पण यादीत तिचाही रकाना नसतो.

मराठीत आपण 'मत' हा एकच शब्द दोन ठिकाणी वापरतो. मनात असतं ते मत आणि पेटीत टाकतो तेही मत. ही भाषेची गरिबी आहे असं मला वाटत नाही. मनातलं आणि पेटीतलं एकच असावं, अशी अपेक्षा त्या शब्दातच आहे. आता या दोन मतांचे नियम पाहा. मतदाराचं मत गुप्त असतं, कारण त्याने ते कुणाच्या दबावाखाली द्यायचं नाही आणि त्याचा हिशेब कुणाला द्यायचा नाही. ते त्याचं स्वतःचं आहे. आमदाराचं मत त्याचं स्वतःचं नसतं, ते आमचं असतं. लाखो माणसांनी ते त्याच्याकडे पाच वर्षांसाठी ठेवायला दिलेलं असतं. म्हणून ते उघड असायला हवं. प्रत्यक्षात आमचं गुप्त राहतं ते योग्यच, पण आमदाराचंही बहुतेक वेळा कुणाला कळत नाही. ठेव ठेवणाऱ्याला पासबुकच नाही, असा हा कारभार आहे.

रीत अशी की अध्यक्ष प्रस्ताव मतास टाकतात. बाजूचे असतील त्यांनी होय म्हणावं, विरोधातले असतील त्यांनी नाही म्हणावं. आवाज ज्या बाजूचा मोठा वाटेल त्या बाजूने निर्णय. कुणाला तो मान्य नसेल तर मतविभाजन मागता येतं, सभागृहाच्या बोलीत 'पोल'. रोजच्या कामकाजात आवाजी मतदान सोयीचं आहे, हे मीही मानतो. अधिवेशन तीन-चार आठवड्यांचं, कामं शेकड्यांनी. प्रत्येक दुरुस्तीला डोकी मोजत बसलं तर अर्थसंकल्पही वेळेत व्हायचा नाही. पण सोयीची रीत हळूहळू जवळजवळ एकमेव रीत झाली.

१२ नोव्हेंबर २०१४ हा दिवस अनेकांना आठवत असेल. देवेंद्र फडणवीस यांच्या पहिल्या सरकारवरचा विश्वासदर्शक ठराव अध्यक्ष हरिभाऊ बागडे यांनी आवाजी मतदानाने संमत झाल्याचं जाहीर केलं. भाजपला स्वतःचं बहुमत नव्हतं, राष्ट्रवादीने बाहेरून पाठिंबा देऊ केला होता, शिवसेना त्या दिवशी विरोधी बाकांवर होती. राज्याचं सरकार टिकतं की पडतं हे ठरवणाऱ्या क्षणी कोण कुठे उभं होतं, हे कायमचं कोलाहलात बुडालं. पुढे ३० नोव्हेंबर २०१९ ला उद्धव ठाकरे सरकारच्या वेळी शिरगणती झाली. सदस्य एकामागोमाग एक उभे राहिले, आकडा लागला १६९, चौघे तटस्थ, भाजपचा सभात्याग. ४ जुलै २०२२ ला एकनाथ शिंदे यांच्या ठरावावर १६४ विरुद्ध ९९. तुम्ही कुठल्याही बाजूचे असा, या दोन दिवसांविषयी तुमच्या आमदाराला तुम्ही आजही प्रश्न विचारू शकता. २०१४ च्या त्या दिवसाविषयी विचारायला गेलात तर तो काहीही सांगू शकतो.

सभागृहाची ही रीत ज्या इंग्रजांकडून आपण उचलली त्यांच्याकडे जरा पाहू, आणि सुरुवात आमच्या शीवपासूनच करू. 'शीव' म्हणजे वेस, हद्द. इंग्रजांचं मुंबई बेट इथे संपायचं आणि पलीकडे साष्टी लागायची, आधी पोर्तुगिजांची, १७३९ नंतर मराठ्यांची. इंग्रजांनी इथल्या टेकडीवर पहाऱ्याला बांधलेला किल्ला अजून उभा आहे. त्यांच्या लंडनच्या सभागृहातही मतदान म्हणजे अक्षरशः हद्दीच्या अलीकडे की पलीकडे उभं राहायचं, असं असतं. आवाजाने निकाल लागला नाही तर घंटा वाजते आणि आठ मिनिटांनी दारं बंद होतात. होयवाले एका दालनातून जातात, नाहीवाले दुसऱ्या दालनातून. मोजणारे मोजतात, नावं टिपली जातात. १८३६ पासून या याद्या अधिकृतपणे छापल्या जातात. आज तिथला शाळकरी पोरगाही आपल्या खासदाराने अमुक विधेयकावर कुठल्या दालनातून पाय टाकला हे पाच मिनिटांत सांगतो.

त्या याद्यांमध्ये आपलीही माणसं आहेत. मुंबईच्या एल्फिन्स्टनमध्ये गणित शिकवलेले दादाभाई नौरोजी १८९२ मध्ये लंडनच्या सेंट्रल फिन्सबरीतून, बोटांवर मोजता येतील इतक्या मताधिक्याने, निवडून गेले. २ जून १८९३ ला आयसीएसची परीक्षा लंडनबरोबरच हिंदुस्थानातही घ्यावी असा ठराव त्या सभागृहात आला. सरकारचा विरोध होता. ठराव ८४ विरुद्ध ७६ मतांनी जिंकला. अंमलबजावणी झाली नाही, सरकारने तो बाजूला सारला. पण ७६ नावं छापील राहिली. हिंदी माणसाने आपल्याच देशात परीक्षेला बसावं याला कुणाची हरकत होती, हे कायमचं नोंदलं गेलं. दादाभाई आयर्लंडच्या स्वराज्याच्या बाजूने उभे राहिले. १८९५ मध्ये मुंबईचेच मंचेरजी भावनगरी हुजूर पक्षाकडून तिथे गेले आणि त्याच प्रश्नावर उलट बाजूला राहिले. दोघे पारशी, दोघे मुंबईचे, दोघांची वाट वेगळी, आणि ती कागदावर दिसते.

ती सभा आमच्यावर आम्हाला न विचारता राज्य करत होती, हे मी विसरलेलो नाही. नावं छापल्याने अन्याय थांबत नाही. पण अन्यायाला नाव लागलं की त्याच्याशी भांडता येतं. याचा लंडनपेक्षा मोठा पुरावा आमच्या दादर-प्रभादेवीत आहे.

सिद्धिविनायकाला मंगळवारी पहाटेपासून रांग लागते. देऊळ ज्या रस्त्यावर आहे तो एस. के. बोले मार्ग. पाटी रोज हजारो लोक वाचतात, पण हे बोले कोण, ते रांगेत फारच थोड्यांना ठाऊक असतं. सीताराम केशव बोले, भंडारी समाजातले कार्यकर्ते, मुंबई कायदेमंडळाचे सदस्य. ४ ऑगस्ट १९२३ ला त्यांचा ठराव तिथे संमत झाला: सार्वजनिक पैशातून बांधलेले आणि राखलेले पाणवठे, विहिरी, धर्मशाळा, तसंच सरकारी शाळा, न्यायालयं, कचेऱ्या, दवाखाने अस्पृश्यांना वापरू द्यावेत. कागदावरच्या चार ओळी. महाड नगरपालिकेने १९२४ च्या जानेवारीत त्यानुसार चवदार तळं खुलं केल्याचा ठराव केला, तोही कागदावरच राहिला. २० मार्च १९२७ ला बाबासाहेब आंबेडकर हजारो माणसांसह त्या तळ्यावर गेले आणि ओंजळीने पाणी प्यायले, तेव्हा मागे या नोंदी उभ्या होत्या. ते बेकायदा काही करत नव्हते, कायदेमंडळाने 'होय' म्हटलेली गोष्ट पायाने चालून खरी करत होते. पुढे कोर्टकचेरी झाली, दहा वर्षं गेली आणि १९३७ च्या मार्चमध्ये उच्च न्यायालयात तळ्यावरचा हक्क शाबीत झाला.

त्याच वर्षी बाबासाहेब भायखळा-परळ या मतदारसंघातून मुंबई विधानसभेवर निवडून आले. म्हणजे आमच्याच या पट्ट्याचे आमदार. १७ सप्टेंबर १९३७ ला त्यांनी खोती नष्ट करण्याचं विधेयक मांडलं. पुढच्या वर्षी कामगारांच्या संपाच्या हक्कावर बंधनं घालणाऱ्या औद्योगिक कलह विधेयकाला सभागृहात विरोध केला आणि ७ नोव्हेंबरला गिरणी कामगारांसह एक दिवसाचा संप केला. आत बोलणं आणि बाहेर चालणं यांत फट नव्हती. त्यांची त्या सभागृहातली भाषणं राज्य सरकारने छापलेल्या लेखन आणि भाषणांच्या दुसऱ्या खंडात आहेत. आमदाराचं प्रगतीपुस्तक कसं असावं असं कुणी विचारलं, तर मी तो खंड पुढे करतो.

आता यावर नेहमी मिळणारं उत्तर: "पक्षादेश असतो, मग आमदाराचं वेगळं मत कशाला नोंदवायचं?" या उत्तरात तथ्य आहे, म्हणून ते झटकून टाकता येत नाही. १९८५ च्या ५२ व्या घटनादुरुस्तीने दहावी अनुसूची आली. पक्षादेश मोडून मत दिलं किंवा गैरहजर राहिलं तर सदस्यत्व जाऊ शकतं. पक्षांतराचा बाजार थांबवायला ते केलं. बाजार थांबला नाही, तो किरकोळीचा घाऊक झाला, हे २०२२ ला महाराष्ट्राने पाहिलं. पण प्रामाणिक मतभेदाची जीभ मात्र बांधली गेली. मार्च २००३ मध्ये इराकच्या युद्धाच्या प्रश्नावर ब्रिटनमध्ये सत्ताधारी मजूर पक्षाच्या १३९ खासदारांनी आपल्याच पंतप्रधानांविरुद्ध मत दिलं. एकाचीही खासदारकी त्या मतामुळे गेली नाही. आपल्याकडे हे अशक्य. सर्वोच्च न्यायालयाने किहोटो होलोहान खटल्यात १९९२ मध्येच सुचवलं होतं की अपात्रतेचा धाक विश्वासमतापुरता आणि पक्षाच्या मुख्य धोरणापुरता असावा. ते सुचवणं कागदावरच आहे. प्रतोद या शब्दाचा मूळ अर्थ चाबूक. आमदार हा निवडून आलेला माणूस आहे, त्याला प्रत्येक विधेयकाला चाबूक कशाला?

पक्षादेश असला तरी नोंद हवीच, असं माझं मत आहे. सप्टेंबर २०२३ मध्ये महिला आरक्षणाचं विधेयक लोकसभेत ४५४ विरुद्ध २ मतांनी संमत झालं. ते दोन कोण हे देशाला ठाऊक आहे, कारण चिठ्ठ्यांवर मतविभाजन झालं. असदुद्दीन ओवैसी आणि छत्रपती संभाजीनगरचे तेव्हाचे खासदार इम्तियाज जलील. ओबीसी आणि मुस्लिम महिलांना त्यात वाटा नाही, हे त्यांनी दिलेलं कारण. मला त्यांचं मत पटलं नाही. पण ते उघड दिलं, नावानिशी दिलं, आणि पुढच्या निवडणुकीत तिथल्या मतदारासमोर ते होतं. एवढंच मला माझ्या आमदाराबाबत हवं आहे.

सध्या आमच्यापर्यंत येतं ते आकड्यांत. हजेरी किती, तारांकित प्रश्न किती, लक्षवेधी किती. 'प्रजा फाउंडेशन' मुंबईच्या आमदारांचं प्रगतीपुस्तक दरवर्षी काढते, ते काम मोलाचं आहे. पण प्रश्नांची संख्या म्हणजे मत नव्हे. शंभर प्रश्न विचारणारा आमदार झोपडपट्टी कायद्याच्या दुरुस्तीला गप्प बसला, तर आमच्यासाठी त्या शंभरांची किंमत किती? १९७१ च्या त्या कायद्यात कितीदा दुरुस्त्या झाल्या! शीव कोळीवाडा, ॲन्टॉप हिल, प्रतीक्षा नगर इथल्या माणसाच्या डोक्यावरचं छप्पर त्यातल्या एकेका शब्दावर हलतं. फाळणीनंतर आलेल्या निर्वासितांच्या इमारती मोडकळीला आल्या, कोळीवाड्याच्या सीमांकनासाठी कोळी माणूस वर्षानुवर्षं कागद घेऊन फिरला, खाडी मागे सरली आणि होड्यांची जागा पार्किंगने घेतली. या प्रत्येकाला कुठल्या ना कुठल्या कायद्याचं टोक लागलेलं आहे. प्रचाराच्या पत्रकात मात्र गटारं, पेव्हर ब्लॉक आणि हळदीकुंकू. ती कामं नगरसेवकाचीही आहेत. कायदा करणं हे फक्त आमदाराचं काम, आणि नेमकं तेच पत्रकात नसतं.

म्हणून गेल्या गणपतीत आम्ही काही शेजाऱ्यांनी मिळून एक कोरा तक्ता तयार केला. पुढच्या विधानसभेला उभा राहणारा जो कुणी असेल, कुठल्याही पक्षाचा, त्याने निवडून आल्यावर दर अधिवेशनानंतर तो भरून चौकात लावायचा. रकाने चार: तारीख, विधेयकाचं नाव, होय की नाही, आणि का. आवाजी मतदान झालं असेल तरी त्याने स्वतः लिहायचं, आणि महत्त्वाच्या विधेयकाला पोल मागितला होता की नाही तेही 'का'च्या रकान्यात. मंडपाच्या मागे प्लास्टिकच्या खुर्चीवर बसून मी तो मावशींना वाचून दाखवला. त्यांनी हात पदराला पुसले, कागद स्वतःच्या हातात घेतला आणि रकान्यांवरून बोट फिरवलं.

"आणि त्या दिवशी तो गेलाच नसंल तर?" त्यांनी विचारलं. "त्याचा रकाना कुठाय?"

मी पेन काढला आणि पाचवी रेघ ओढली.