‘माझ्या मते’ म्हणजे कोणाच्या मते?

उत्तरपत्रिकेत ‘माझ्या मते’ हे शब्द दिसले, की पुढचं मत लिहिणाऱ्याचं नाही असं खुशाल समजावं. तीस वर्षं मराठी शिकवून आणि त्याहून जास्त गठ्ठे तपासून मी हे सांगतो आहे. ज्याला खरोखरच मत असतं तो ‘माझ्या मते’ म्हणत बसत नाही. तो ते सरळ ठोकून देतो आणि बहुधा मार्क घालवतो.

शाळेच्या पुस्तकात तर ‘स्वमत’ नावाचा प्रश्नच असतो. आमच्या शेजारची एक मुलगी परीक्षेच्या आदल्या रात्री ओट्यावर येरझारा घालत होती. आईनं विचारलं, “किती राहिलंय गं?” ती म्हणाली, “व्याकरण झालं, निबंध झाला. आता फक्त माझं स्वमत पाठ करायचं राहिलंय.”

आता यात हसण्यासारखं काय आहे? स्वमत पाठ करण्याची सोय झाली नसती, तर निम्मा महाराष्ट्र नापास झाला असता.

आमचं इंदापूर पुणे-सोलापूर रस्त्यावरचं. माझे विद्यार्थी यायचे ते भिगवण, पळसदेव, निमगाव केतकी, बावडा अशा गावांतून, एस.टी.ला लोंबकळत. या मुलांना नाटकातलं कळत नाही असं कुणी म्हणेल, तर त्यानं जत्रेनंतरच्या रात्री त्यांच्याबरोबर घरी चालत जावं. वगातला राजा मूर्ख का, प्रधान खरा कुणाचा, राणीनं तेव्हाच का नाही सांगितलं, यावर वाटभर अशी हमरीतुमरी चालते की पाचटाच्या आडची कोल्हीसुद्धा बाजू घेत असतील. आणि हाच पोरगा दुसऱ्या दिवशी वर्गात बसला की काय लिहितो? ‘सिंधू ही आदर्श भारतीय पत्नी आहे.’ रात्रीचा तो टीकाकार गेला कुठं?

उजनीचं धरण झालं तेव्हा पळसदेवचं जुनं देऊळ पाण्याखाली गेलं. दुष्काळी उन्हाळ्यात पाणी ओसरलं की ते पुन्हा वर येतं, जसंच्या तसं. आमच्या मुलांचं मत त्या देवळासारखं आहे. बुडालेलं असतं, पडलेलं नसतं. प्रश्न एवढाच, की त्याच्यावर पाणी कुणी सोडलं? उत्तर उघड आहे. आम्ही, मास्तर लोकांनी.

एक मात्र मान्य केलं पाहिजे. मास्तराला पाणी सोडण्याचा मोह होतो त्याला कारण आहे. आमच्या शेजारी बारामतीला मोरोपंत राहून गेले. त्यांच्या आर्या म्हटल्या की अर्थ सांगणारा लागतोच. ते काम इमानाचं आहे. पण आर्येचा अर्थ सांगण्याची सवय नाटकापर्यंत आली की घोटाळा होतो. शब्दाचा अर्थ कोशात सापडतो. माणूस असा का वागला, हे कुठल्या कोशात सापडणार?

त्यातून ‘एकच प्याला’सारखं नाटक असलं म्हणजे तर विचारूच नका. गडकरी 23 जानेवारी 1919 ला सावनेरला वारले आणि पुढच्याच महिन्यात गंधर्व नाटक मंडळींनी बडोद्याला हे नाटक रंगभूमीवर आणलं. म्हणजे बालगंधर्वांची सिंधू खुद्द गडकऱ्यांनीही रंगभूमीवर पाहिली नाही. लेखकाला विचारण्याची सोयच उरली नाही. अशा वेळी त्याचं मुखत्यारपत्र आपोआप मराठीच्या प्राध्यापकाकडे येतं. “गडकऱ्यांना इथे असं सुचवायचं आहे की…” हे वाक्य मी इतक्या जणांच्या तोंडून ऐकलं आहे, की गडकरी रोज संध्याकाळी यांच्याकडे चहाला येत असावेत असा माझा समज झाला होता.

याच्या उलट टोकाचे मास्तरही मी पाहिले आहेत. ते म्हणतात, “मी काहीच सांगणार नाही. तुम्हीच स्वतंत्र विचार करा.” वर्ग गप्प बसतो. मास्तर खूश. घंटा झाल्यावर वर्ग उठतो आणि थेट गाईडाच्या दुकानात जातो. रिकामं शेत कुणी तसंच ठेवत नाही. आपण पेरलं नाही तर काँग्रेस गवत आहेच.

आता दोन विद्यार्थ्यांच्या गोष्टी सांगतो.

पहिला निमगावकडचा. ‘नटसम्राट’ शिकवून झालं होतं. शिरवाडकरांचं हे नाटक 1970 सालचं. डॉ. लागूंनी पहिल्यांदा उभे केलेले गणपतराव बेलवलकर, शेक्सपिअरच्या लिअर राजाशी त्यांचं नातं, मुलांचा कृतघ्नपणा, सगळं रीतसर सांगून झालं. मग मी विचारलं, “या नाटकातून तुला काय वाटलं?” तो उभा राहिला आणि म्हणाला, “सर, हयातीत सातबारा पोरांच्या नावावर करू नये.”

वर्ग हसला. पण मी रात्रभर विचार करत राहिलो. मोठमोठ्या समीक्षकांनी पानंच्या पानं लिहिली, पण बेलवलकरांनी सगळं मुलांना वाटून टाकलं नसतं तर पुढचं नाटक झालं असतं का? लिअरनं राज्य वाटलं नसतं तर शेक्सपिअरनं काय लिहिलं असतं? पोरानं नाटकाच्या मुळाशी हात घातला होता. त्याच्या घरी बांधावरून दोन चुलत्यांत कोर्ट चालू होतं, हे मला मागाहून कळलं.

दुसरी गोष्ट हसण्यासारखी नाही. ‘एकच प्याला’च चाललं होतं. भाऊ न्यायला आला तरी सिंधू माहेरी जात नाही, असा प्रसंग आला. मी रिवाजाप्रमाणे पातिव्रत्यावर बोललो. मागच्या बाकावरची, कधी न बोलणारी एक मुलगी म्हणाली, “सर, माझा मामापण आला होता आईला न्यायला. आई नाही गेली. ते काही पातिव्रत्य नव्हतं.”

वर्गात सुई पडली तरी ऐकू आली असती.

“मग काय होतं?” मी विचारलं.

“इथं ती भांडी घासते ती स्वतःच्या घरातली. तिकडं गेली असती तर आश्रिताची. सिंधू दळण दळते ना सर? जिला दळून पोट भरता येतं, तिला कुणाच्या दारात जायचं नसतं. ती नवऱ्यासाठी नाही राहिली. मानासाठी राहिली.”

मी म्हटलं, “मग ती नवऱ्याला दोष का देत नाही?”

“त्याच घरात राहायचं असल्यावर कोण देतं?”

मी पुढे बरंच भांडलो. मानापेक्षा सुधाकरावरच्या मायेचे पुरावे या नाटकात पानोपानी आहेत, ते काढून दाखवले. तिनं जातं काही सोडलं नाही. तास संपला तरी आमचं संपलं नव्हतं.

परीक्षेत नेमका सिंधूवरच प्रश्न आला. बाहेर भेटली तेव्हा मी उत्साहानं विचारलं, “लिहिलंस ना?” ती म्हणाली, “नाही सर. ‘माझ्या मते सिंधू आदर्श पत्नी आहे,’ असं लिहिलं. पेपर तुम्ही थोडेच तपासणार होता?”

याला उत्तर काय? स्वतंत्र विचार करा म्हणायला मास्तराचं काही जात नाही. मार्क जातात ते पोराचे. कुणी तरी दुसऱ्याच्या खिशातून दानधर्म करावा तसला हा प्रकार. त्या मुलीला पहिला वर्ग मिळाला नसता तर शिक्षण थांबून लग्न ठरणार होतं. तिनं ‘आदर्श पत्नी’ लिहून स्वतःचं लग्न टाळलं! याला कुणी भित्रेपणा म्हणेल. मी म्हणणार नाही.

मग मास्तरानं करावं काय? मला वाटतं, उत्तर आपल्या भाषेत आधीपासून आहे. नाटकाचीही तालीम असते आणि कुस्तीचीही तालीमच असते. शेक्सपिअर मराठीत आला तेव्हा फर्गसन कॉलेजचे प्रा. वासुदेवराव केळकर शाहूनगरवासी मंडळीच्या नटांना तालीम देत. गणपतराव जोशी काही त्यांच्यासारखे इंग्रजी पढलेले नव्हते. अर्थ प्रोफेसरांकडून घेतला. पण लोक पाहायला जात ते गणपतरावांचा हॅम्लेट. केळकरांचा नव्हे.

कुस्तीतला वस्ताद तरी काय करतो? “तुझं तू लढ,” म्हणून बाजूला बसत नाही, आणि पोराच्या वतीनं फडातही उतरत नाही. तो स्वतः लंगोट कसून मातीत येतो आणि पोराला आपल्या अंगावर घेतो. मास्तरानं आपलं मत तसं मातीत उतरवावं. हे माझं मत, हा त्याचा पुरावा, आता पाड मला. मत पोराचं असावं, पुरावा मात्र नाटकाचा हवा. एवढं जमलं की परक्या तपासनिसापुढेही पोरगं सहसा चीत होत नाही. आणि तपासनिसानं तरी आपल्याला न पटलेल्या पण पुरावा दिलेल्या उत्तराला मार्क द्यायला काय हरकत आहे? ते मार्क काही त्याच्या पगारातून कापत नाहीत.

ती मुलगी आता स्वतःच मराठी शिकवते. मध्यंतरी बाजारात भेटली. म्हटलं, “सिंधू काय म्हणते?”

“काय सांगू सर,” ती वैतागून म्हणाली, “वर्गातली साठच्या साठ पोरं लिहितात, ‘माझ्या मते सिंधू मानासाठी राहिली.’ एक भांडेल तर शपथ! पुढच्या वर्षी मी पातिव्रत्य शिकवणार आहे. बघते कोण उठतंय ते.”