पवित्र शास्त्राचे मनन आणि रोजची ख्रिस्ती श्रद्धा

ख्रिस्ती श्रद्धेत पवित्र शास्त्र वाचणे आणि त्याचे मनन करणे ही दोन निराळी कामे आहेत. वाचनातून माहिती मिळते: कोणता राजा कधी झाला, पौलाने कोणत्या मंडळीला पत्र लिहिले, कोणता दाखला कोणत्या शुभवर्तमानात आहे. मनन करणारा मात्र एका छोट्या उताऱ्यापाशी थांबतो. तो उतारा हळू आवाजात पुन्हा पुन्हा म्हणतो, आपल्या घराला, धंद्याला, भांडणाला लावून पाहतो आणि तसे करता करता देवाशी बोलू लागतो. अभ्यास कधीतरी पुरा होतो. मनन पुरे होत नाही, कारण उतारा तोच राहिला तरी वाचणाऱ्याचे वय, दुःखे आणि जबाबदाऱ्या बदलत जातात. आध्यात्मिक वाढ म्हणतात ती याच बदलत्या भेटींतून, वर्षानुवर्षे होत असते.

ही परंपरा खुद्द शास्त्राइतकीच जुनी आहे. पहिले स्तोत्र रात्रंदिवस मनन करणाऱ्या माणसाच्या वर्णनानेच सुरू होते. ११९ वे स्तोत्र १७६ ओव्यांचे आहे आणि ते सगळे देवाच्या वचनाभोवती फिरते. लूकच्या शुभवर्तमानात येशूची आई मरिया घडलेल्या गोष्टी मनात जपून ठेवते, त्यांचा अर्थ लावत राहते. पुढे मठांतून या मननाला शिस्त आली. बाराव्या शतकात दुसरा गिगो या कार्थुसियन संन्याशाने त्याच्या चार पायऱ्या सांगितल्या: वाचन, मनन, प्रार्थना आणि निःशब्द ध्यान. मार्टिन लूथरने १५३९ मध्ये प्रार्थना, मनन आणि कसोटी अशी तीन अंगे सांगितली. यातले तिसरे अंग विशेष मोलाचे आहे. संकटात सापडलेल्या माणसालाच वचनाचे खरे वजन कळते, असे लूथरचे म्हणणे होते. कॅथलिक मंडळीत सामान्य भाविकाच्या हाती शास्त्र देण्यावर मोठा भर आला तो दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने १९६५ मध्ये काढलेल्या प्रकटीकरणावरील दस्तऐवजानंतर.

नागपूरला ग्रंथ समोर ठेवून जगण्याची सवय नवी नाही. ज्ञानेश्वरीची पारायणे होतात, ‘ग्रामगीता’ वाचली जाते, वर्षावासात विहारांतून ‘बुद्ध आणि त्यांचा धम्म’ या ग्रंथाचे वाचन चालते. स्कॉटलंडचे मिशनरी स्टीफन हिस्लॉप १८४५ मध्ये नागपुरात आले आणि पुढल्या वर्षी त्यांनी शाळा काढली. त्यांच्या नावाचे महाविद्यालय १८८३ पासून उभे आहे. सदरमधले ऑल सेंट्स कॅथेड्रल, कॅथलिक महाधर्मप्रांत, आणि सेंट चार्ल्स सेमिनरी, जिच्यामुळे एका टेकडीवरचा परिसर सेमिनरी हिल्स म्हणून ओळखला जातो, या साऱ्यांतून ख्रिस्ती शास्त्रवाचन या शहरात रुजले. पण मननाने माणूस कसा बदलतो याचे सर्वांत बोलके उदाहरण नागपूरहून सुटलेल्या एका आगगाडीतले आहे.

हा प्रवासी म्हणजे कवी नारायण वामन टिळक. त्या काळी ते नागपुरात अप्पासाहेब बुटी यांच्या आश्रयाने संस्कृत ग्रंथांवर काम करत होते आणि ‘ऋषी’ नावाचे मासिक चालवत होते. धर्माविषयी त्यांच्या मनात आधीपासूनच मोठी खळबळ होती. १८९३ मध्ये ते नागपूरहून राजनांदगावला निघाले असता डब्यात एका युरोपीय गृहस्थाशी गप्पा झाल्या. त्या गृहस्थाने नवा करार त्यांच्या हाती दिला आणि दोन वर्षांत तुम्ही ख्रिस्ती व्हाल असे सांगितले. टिळकांना ते बोलणे अजिबात पटले नाही. टिळकांनी पुस्तक हाती घेतले ते विद्वानाच्या सवयीने, पेन्सिलीने खुणा करत. मत्तयाच्या पाचव्या अध्यायापाशी, म्हणजे डोंगरावरील प्रवचनापाशी पोहोचल्यावर मात्र त्यांना ते खाली ठेववेना. १० फेब्रुवारी १८९५ रोजी मुंबईत त्यांचा बाप्तिस्मा झाला.

ही गोष्ट चर्चमध्ये अनेकदा सांगितली जाते, आणि सांगताना बहुतेक वेळा आगगाडी आणि भविष्यवाणी यांवरच भर राहतो. खरे महत्त्व मधल्या दोन वर्षांचे आहे. त्या काळात टिळक वाचत होते, शंका काढत होते, वाद घालत होते, पुन्हा त्याच पानांकडे वळत होते. डोंगरावरील प्रवचन मोठे नाही. मत्तयाचे तीन अध्याय, १११ ओव्या, सावकाश मोठ्याने वाचले तरी पाऊण तास पुरतो. पण त्यात शत्रूवर प्रीती आहे, डाव्या हाताला कळू नये असे दान आहे, उद्याची काळजी आहे, दुसऱ्याच्या डोळ्यातले कुसळ आहे. शेवटी दोन घरे येतात, एक खडकावरचे आणि एक वाळूवरचे. दोन्ही घरांच्या मालकांनी वचन ऐकलेले असते, आचरणात आणलेले असते ते एकानेच. एवढे वाचून झाल्यावर केवळ खुणा करणारी पेन्सिल अपुरी पडते, हे टिळकांच्या ध्यानात आले असावे.

बाप्तिस्म्याने त्यांचे मनन थांबले नाही. तुकारामांच्या पुलावरून आपण ख्रिस्ताकडे आलो, असे ते सांगत. ती जुनी श्रीमंती त्यांनी टाकून दिली नाही. अभंग, ओवी आणि भजनाच्या चालीत त्यांनी ख्रिस्ती गीते लिहिली, आणि ती आजही मराठी उपासनांत गायली जातात. १९१७ मध्ये त्यांनी मिशनची नोकरी सोडली आणि साताऱ्यात ‘देवाचा दरबार’ उभारण्याचा ध्यास घेतला. बाप्तिस्मा घेतलेले आणि न घेतलेले ख्रिस्तभक्त तिथे एकत्र यावेत, अशी त्यांची इच्छा होती. नवा करार हाती आल्याला तेव्हा चोवीस वर्षे झाली होती. इतक्या काळानंतरही माणूस आपले आयुष्य नव्याने मांडायला तयार होतो, ही वाढ बाप्तिस्म्याच्या दिवसापेक्षा मोठी मानावी लागते.

त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाई टिळकांची वाट वेगळी होती. नवऱ्याच्या धर्मांतराने त्यांचा संसार मोडला आणि काही वर्षे त्या माहेरच्या माणसांत राहिल्या. परत आल्यावरही त्यांनी आपले सोवळे, आपला स्वयंपाक आणि आपले पाणी वेगळेच ठेवले. त्यांना शाळेचे शिक्षण नव्हते. टिळकांसारखा ग्रंथांशी वाद घालून त्या श्रद्धेपर्यंत आल्या नाहीत. माणसामाणसांतले उच्चनीच देवाने केले की माणसाने, हा प्रश्न त्यांना घागरीपाशी, चुलीपाशी छळत राहिला. उत्तर मनाला पटले तसे सोवळे सुटले. त्यांचा बाप्तिस्मा १९०० मध्ये झाला. ‘स्मृतिचित्रे’ हे त्यांचे आत्मचरित्र वाचताना जाणवते की हे पाऊल त्यांनी नवऱ्याच्या आग्रहाने टाकलेले नाही. पुढे टिळकांनी सुरू करून अपुरे ठेवलेले ‘ख्रिस्तायन’ हे महाकाव्य लक्ष्मीबाईंनीच चालवले आणि त्याचा बहुतेक भाग स्वतः लिहिला. त्यासाठी चारही शुभवर्तमाने त्यांना किती वेळा मनात घोळवावी लागली असतील! मनन हे पंडितांचे काम आहे, असे ज्यांना वाटते त्यांनी लक्ष्मीबाईंकडे पाहावे.

रोजच्या जीवनात मनन कसे चालते, हे एका उताऱ्यावरून पाहता येते. मत्तयाच्या पाचव्या अध्यायातल्या २३ व २४ या ओव्यांत येशू सांगतो की, वेदीपाशी अर्पण आणल्यावर आपल्या भावाच्या मनात आपल्याविरुद्ध काही आहे असे आठवले, तर अर्पण तिथेच ठेवावे, आधी जाऊन समेट करावा आणि मग येऊन अर्पण वाहावे. पहिल्या वाचनात हा साधा उपदेश वाटतो. सावकाश वाचल्यावर दोन गोष्टी दिसतात. ऐकणारे लोक गालिलातले होते आणि वेदी यरुशलेमेत होती. अर्पण ठेवून घरी जाणे आणि परत येणे म्हणजे जाता-येता दोन्ही वेळा कित्येक दिवसांची पायपीट. दुसरी गोष्ट अधिक बोचरी आहे: राग भावाच्या मनात आहे. चूक कोणाची, याची इथे चौकशीच नाही. ज्याला आठवले त्याने उठायचे.

समजा, नागपुरातल्या एखाद्या घरात वडिलांच्या पश्चात जागेच्या वाटणीवरून दोन भावांचे बोलणे तुटले आहे. धाकटा दर रविवारी उपासनेला येतो, दानाची थैली समोर आली की नोट टाकतो. या दोन ओव्या घेऊन तो बसला तर त्याच्या मनात प्रथम स्वतःची बाजू उभी राहील: कागद कोणी लपवले, आईच्या दवाखान्याचा खर्च कोणी केला. त्याने हे सगळे नाकारायचे नाही. तसेच देवापुढे मांडायचे. मनन प्रार्थनेत उतरते ते इथे. मग पुन्हा उतारा वाचायचा. अनेक दिवसांनी त्यातून एखादी छोटी गोष्ट निघते: नाताळाचा फराळ घेऊन मोठ्याच्या दारात जाणे, नुसता फोन करणे, किंवा निदान त्याच्याविषयी इतरांपाशी बोलणे थांबवणे. खटला मिटेलच असे नाही. मोठा भाऊ दार उघडेलच असेही नाही. उताऱ्याने तसे वचन दिलेलेही नाही. पुढल्या रविवारी थैली समोर येते तेव्हा त्या माणसाचा हात क्षणभर थांबतो, एवढा फरक मात्र पडतो, आणि वाढीची सुरुवात म्हणून तो थोडा नाही.

मननाचा गैरवापरही सहज होतो. शास्त्र कुठेही उघडावे, बोट ठेवावे आणि ते वाक्य म्हणजे आजचा निरोप समजावा, ही रीत अनेक घरांत आहे. त्यात श्रद्धा असते, पण विचार नसतो. कॅलेंडरवर आणि मोबाइलवर फिरणारे यिर्मयाच्या २९ व्या अध्यायातले ११ वे वचन याचे ठळक उदाहरण आहे. देवाच्या मनात आपल्यासाठी हिताच्या योजना आहेत, हा दिलासा परीक्षेच्या निकालापूर्वी मुलांना पाठवला जातो. मूळ मजकूर बाबेलात बंदी होऊन गेलेल्या लोकांना लिहिलेल्या पत्रातला आहे, आणि लगेच आधीच्या ओवीत ७० वर्षे थांबावे लागेल असे सांगितले आहे. पत्र वाचणाऱ्यांपैकी बहुतेकांना परतीचा दिवस दिसणार नव्हता. त्यांना घरे बांधा, बागा लावा, ज्या शहरात आहात त्याच्या हितासाठी प्रार्थना करा, असे सांगितले होते. संदर्भासह वाचले तर हे वचन कमी गोड होते आणि कितीतरी जास्त आधार देते. म्हणून मननाला अभ्यासाची जोड लागतेच. आधी उतारा कोणाला, कधी, कशासाठी सांगितला हे पाहावे. आपला विषय त्यानंतर. दुसरा धोका म्हणजे वचन दुसऱ्यावर फेकणे. सुनेला आज्ञापालनाची ओवी ऐकवणारे घर स्वतःला लागू पडणाऱ्या ओव्या सहसा ओलांडून जाते.

हे धोके टाळण्यासाठी मंडळी लागते. कॅथलिक चर्चमध्ये रविवारची वाचने तीन वर्षांच्या चक्राने येतात: एका वर्षी मुख्यतः मत्तय, एका वर्षी मार्क, एका वर्षी लूक. आवडीचा उतारा निवडायची सोय त्यात नाही. नावडता उताराही ठरल्या रविवारी समोर येतोच, आणि तेच बरे आहे. प्रॉटेस्टंट मंडळ्यांत पाळकांचा उपदेश, घरोघरच्या प्रार्थनासभा आणि रात्रीच्या जेवणाआधीची कुटुंबप्रार्थना हे काम करतात. आजी एक ओवी वाचते, नातू दुसरी वाचतो, अडखळलेला शब्द कोणीतरी सांगते. एकट्याच्या वाचनात जे निसटते ते चौघांत बोलले जाते.

मायबोलीही लागते, आणि मराठी ख्रिस्ती समाजाने त्यासाठी मोठे कष्ट उपसले आहेत. विल्यम कॅरी यांनी सेरामपूरहून १८११ मध्ये मराठी नवा करार छापला. त्यांना साहाय्य करणारे वैजनाथ पंडित नागपूरकडचे होते. पंडिता रमाबाई उतारवयात हिब्रू आणि ग्रीक शिकल्या, आणि केडगावच्या मुक्तिसदनात राहून त्यांनी संपूर्ण बायबलचे भाषांतर केले. खेड्यातल्या, थोडे शिकलेल्या बाईलाही कळावे अशी साधी भाषा त्यांना हवी होती. १९२२ मध्ये मृत्यूच्या अगदी आधी त्यांनी ते काम पुरे केले. आपल्या काळात वसईचे फादर फ्रान्सिस दिब्रिटो यांनी ‘सुबोध बायबल’ सिद्ध केले. २०२० मध्ये उस्मानाबादच्या साहित्य संमेलनाचे ते अध्यक्ष होते. नागपूरच्या घरात इंग्रजी माध्यमातली मुले इंग्रजी बायबल उघडतात आणि आजी मराठी, असे चित्र आता नेहमीचे आहे. दोन्ही शेजारी ठेवून वाचली तर उताऱ्याची गती मंदावते, आणि मननाला मंद गतीच मानवते.

या वाटेवर कोरडे दिवसही येतात. वाचले तरी काही लागत नाही, प्रार्थना ओठांवरच राहते. अशा वेळी अनेकजण स्वतःला दोष देतात किंवा वाचन सोडतात. शास्त्रात याची जागा आधीच करून ठेवलेली आहे. दीडशे स्तोत्रांपैकी कितीतरी तक्रारीची आहेत. तू कुठे आहेस, किती दिवस वाट पाहू, असे देवाला विचारणारी ती प्रार्थना आहे. ८८ वे स्तोत्र तर दिलासा न देताच संपते. घरात मृत्यू झालेल्या, नोकरी गेलेल्या किंवा आजारी मुलाच्या उशाशी बसलेल्या माणसाला आनंदाची गीते म्हणायला लावू नयेत. त्याच्या हाती ही स्तोत्रे द्यावीत. तीही म्हणवत नसतील तर दुसऱ्याने त्याच्याजवळ बसून मोठ्याने वाचावीत आणि त्याने नुसते ऐकावे. आजारी माणसाच्या घरी जाऊन वाचणाऱ्या मंडळीतल्या बाया हे काम पिढ्यान्‌पिढ्या करत आल्या आहेत.